झोपेचा वाटा

फोटोत सरफराजचं तोंड किंचित उघडं होतं आणि खालच्या ओठावर उजेडाचा ठिपका पडला होता. आधी मला तेवढंच दिसलं. इफ्रा अंगावर पीत होती, माझा एक हात तिच्या मानेखाली अडकलेला, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं मी फोन सरकवत होते, आणि सकाळच्या त्या अर्धवट जागेपणात मला वाटलं, हा फोटो मीच कधीतरी काढला असणार. इतका तो ओळखीचा होता. आणि तितकाच अनोळखी, कारण असा मान टाकून, ओठ सैल सोडून झोपलेला सरफराज मी कितीतरी दिवसांत पाहिलाच नव्हता. घरी तो झोपतो ते पत्र्याखालच्या उकाड्यात, डोळ्यांवर ओला पंचा टाकून, भिंतीकडे तोंड करून; मला दिसते ती पाठ. मग त्याच्यामागं रचलेले सुताचे कोन दिसले, बाजूला मागाचा निळा खांब दिसला, आणि फोटोखाली कुणीतरी लिहिलेलं वाचलं, ‘आमचे कष्टाळू कामगार’. त्यापुढं हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या तोंडांची रांग. तेवढ्यात इफ्रा चावली. दात यायला लागलेत तिला.

फोटो महेश्वरीनं पाठवला होता. आम्ही दोघी शाळेत एका बाकावर बसायचो. आता ती सरफराजच्याच कारखान्यात दिवसपाळीला टॉवेलच्या घड्या घालते. फोटोमागून तिचा आवाज आला, दबका, बहुतेक मोरीत उभी राहून बोलत असावी. “शबाना, रात्री कंपनीच्या ग्रुपवर पडलंय हे. नव्या मॅनेजरनं, त्या दिग्विजयसाहेबानं, स्वतः काढलंय. दुसऱ्या कुणाकडनं कळण्यापेक्षा माझ्याकडनं कळू दे म्हटलं. तू रडू नको बाई. आमच्याकडं त्याचा पुतण्या एसी लावून ऑफिसात घोरतोय दुपारभर, त्याचं कोण फोटो काढतंय?” मी रडले नाही. सांगायला थोडी लाज वाटते, पण मला आधी रागसुद्धा आला नाही. मी फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि बघत राहिले. किती निवांत झोपलाय. कपाळावरच्या दोन आठ्या, ज्या आता त्याच्या चेहऱ्याचाच भाग झाल्यात असं मी धरून चालले होते, त्या नव्हत्या. लग्न ठरलं तेव्हा मुलगी बघायला आलेला, बशीतला चहा फुंकणारा, मधूनच आपल्या बुटांकडं बघणारा तो मुलगा तिथं सुताच्या कोनांना टेकून झोपला होता. मग हळूहळू कळायला लागलं की हा चेहरा मी एकटी बघत नाही. सगळ्या शेडनं बघितलाय, घडीवाल्या बायकांनी बघितलाय, गेटवरच्या वॉचमननं बघितलाय. माझ्याच अंगावरचा पदर कुणी रस्त्यात ओढावा तसं काहीतरी झालं, आणि मग मात्र कानांपर्यंत गरम झाले मी.

तो आला तेव्हा अम्मी, माझी सासू, दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला बसली होती. त्यानं चप्पल काढली, घागरीतलं पाणी घेतलं, उभ्यानंच प्यायला. त्याच्या भुवयांवर नेहमीसारखा सुताचा भुरका होता. रात्रपाळीहून येतो तेव्हा तो असाच म्हातारा होऊन येतो आणि तोंड धुतलं की पुन्हा तरुण होतो. इफ्रा आधी घाबरते त्याला, मग ओळखते.

“बघितलंस?” त्यानं विचारलं.

“बघितलं.”

“तोंड कायकू उघडं होतं माझं, कळत नाही. माशीबिशी गेली असती.”

मला हसू आलं. तोही हसला, आणि हसता हसता भिंतीला टेकून खाली बसला, आणि बसल्यावर त्याचा चेहरा एकदम बंद झाला, दुकानाचं शटर खाली यावं तसा. मग त्यानं सांगितलं ते असं. दुपारी चारपर्यंत लेखी खुलासा घेऊन ऑफिसात जायचं. ‘मी कामावर झोपलो, माग बेवारस सोडले’ असं लिहायचं. आणि माग त्या वेळी कुणाच्या भरवशावर होते त्या माणसाचं नाव लिहायचं. नाव लिहिलं तर ताकीद देऊन कामावर घेणार. नाही लिहिलं तर घेणार नाही. “तू लिही,” तो म्हणाला. त्याचं शिक्षण उर्दू शाळेत झालं. मराठी तो भराभर वाचतो, पण लिहायला बसला की एकेक अक्षर दुसऱ्यापासून लांब उभं राहतं, बसस्टॉपवरच्या अनोळखी माणसांसारखं. आमच्या घरातले सगळे अर्ज मी लिहिते.

“नाव कुणाचं लिहू?”

“नाव सोडून लिही.”

कुणाचं नाव ते मला माहीत होतं. त्या शेडमध्ये एक रीत आहे, सरफराज लागायच्या आधीपासूनची. जोडीजोडीनं माग सांभाळणारे दोघे रात्रीच्या चहानंतर आळीपाळीनं थोडं पडतात. एक पडतो, दुसरा दोघांचे माग बघतो, धागा तुटला की धावतो. त्याला ते वाटा म्हणतात. “वाटा घेतला का रे?” “तुझा वाटा तू घे, मग माझा.” जुन्या मॅनेजरला हे ठाऊक होतं, तो फेरीवर निघाला की लांबूनच खाकरायचा. तेव्हा माणसागणिक दोन माग होते आणि शेडमध्ये बदलीचा एक माणूस असायचा, कुणाला लघवीला जायचं झालं तर उभा राहायला. दिग्विजयसाहेबानं दोनाचे चार माग केले आणि बदलीचा माणूस काढून टाकला. त्यावर सगळे पुटपुटले, सरफराज तेवढा तोंडानं बोलला. “साहेब, बदलीचा माणूस परत द्या, आम्ही मशीन न्हाई,” असं तो भर मीटिंगमध्ये म्हणाल्याचं मला महेश्वरीकडूनच कळलं होतं. रात्री त्या शेडमध्ये प्रत्येक जोडीतला एक जण झोपतोच. फोटो एकाचाच निघाला.

आणि सरफराजचा जोडीदार बिरप्पा. मंद्रूपचा, धनगराचा, आवाज इतका मोठा की फोनवर बोलला तरी फोनची गरज वाटू नये. इफ्रा झाली तेव्हा तो घोंगडी घेऊन आला होता, खरी, मेंढराच्या लोकरीची, ऐन उन्हाळ्यात. “थंडीत लागंल की,” म्हणाला आणि घामेजलेला तसाच हसत उभा राहिला. त्याला एकदा ताकीद मिळाली आहे. दुसऱ्यांदा नाव आलं की तो बाहेर.

सरफराजनं तोंड धुतलं, दोन घास खाल्ले न खाल्ले, आणि आत जाऊन आडवा झाला. मी उंबऱ्याजवळ कागद घेऊन बसले. इफ्रा पाळण्यात होती; पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून मी पाळणा हलवत होते. कोरा कागद मांडीवर असला की मला माझं बाळंतपण आठवतं, कारण नाही. त्या दिवशीही तो रात्रपाळीहून थेट दवाखान्यात आला होता, बाकावर बसला होता, आणि नर्सनं “मुलगी झाली” असं सांगितलं तेव्हा तो उभा राहिला आणि भिंतीवर डोकं आपटून घेतलं, आनंदानं नव्हे, झोपेत. नर्स घाबरली. मी आतून हसले, टाके दुखेपर्यंत. त्यानंतरचे हे महिने म्हणजे मला एक लांबच लांब ओली रात्र वाटते. दूध, लंगोट, पुन्हा दूध. इफ्रा रात्रभर जागते. खांद्यावर घेऊन मी खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरते, आणि फिरताना मला वाटतं, शहराच्या दुसऱ्या टोकाला अक्कलकोट रोडवर तोही असाच चार मागांमध्ये फिरत असेल. आम्ही दोघं एकाच पाळीवर आहोत. सकाळी तो आला की मी कोसळते. इफ्रा सकाळी झोपते, फार शहाणी आहे, उन्हं वर येईपर्यंत हूं नाही की चूं नाही. मी जागी होते तेव्हा ती माझ्या कुशीत असते आणि पलीकडं त्याची पाठ. मी मैत्रिणींना सांगत असे, पोरगी रात्री छळते पण सकाळी मला झोपू देते.

कागदावर मी लिहिलं, ‘मी कामावर झोपलो होतो.’ ते लिहायला सोपं गेलं. मग पेन थांबलं. खरं सांगायचं तर माझ्या हाताला ब काढायचा होता. एक नाव. एक नाव लिहिलं की उद्या डबा भरायचा, परवा डबा भरायचा, इफ्राचं इंजेक्शन, दुधाचा रतीब, सगळं जागच्या जागी. बिरप्पाचं काय, त्याचं गावाकडं घर आहे, भावाचं रान आहे, मेंढरं आहेत. आणि त्यानं उठवायला नको होतं का? साहेब येताना दिसला नाही? जोडीदार कशाला म्हणायचं मग? असं मी मनात त्याच्याशी भांडत होते, आणि भांडत असतानाच बाहेर त्याचाच आवाज आला.

“भाबी हायत का?”

“हळू,” अम्मी म्हणाली. “सोया है वो.”

बिरप्पा दारातच उकिडवा बसला. तो घरी गेलाच नव्हता. पाळीवरचेच कपडे, भुवयांवर तोच भुरका. त्यानं आवाज लहान करायचा प्रयत्न केला, पण बैलानं कुजबुजावं तसं ते झालं. “भाबी, माझं नाव लिवा. त्येच सांगाया आलोय. तो लिवणार न्हाई मला म्हाईत हाय.”

“तुम्ही उठवलं का नाही त्यांना?” मी विचारलं. माझा आवाज मला हवा त्यापेक्षा कडक निघाला.

“त्येच की. म्या न्हाई उठवलं.” त्यानं टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. “त्याचा वाटा सपला, माझा सुरू. गेलो उठवाया. हालवलं, उठंना. परत हालवलं. तर झोपंतच माझा हात धरला आन म्हणतो कसा, ‘हळू, शबाना झोपलीया.’ आता बोला. तितं माग धडाडा वाजत्यात, कान फुटायचा आवाज, आन ह्यो मला म्हणतो हळू. मला हसूच आलं लई. म्हटलं, झोप लेका, माझा वाटा बी तूच घे. फिरलो आठ मागांवर. एकाचा धागा तुटला, तिकडं बसलो जोडत, तवर साहेब आला मागल्या दारानं. म्या बगितलं तवा फोटू काढून झाला हुता.”

मला कळलं नाही. “मी झोपलीय म्हणजे?”

अम्मीचे हात थांबले. अम्मी विड्या वळताना कधी थांबत नाही. कुणाच्या मयतीची बातमी आली तरी हातातली विडी पुरी करून मग उठते. ती माझ्याकडं बघत राहिली, आणि मग हसली, ओठ मिटून, आतल्या आत. “तेरेकू नै मालूम?” ती म्हणाली. “वो कहां सोता दिन कू? तू सोयी की बच्ची कू उठाता, लेको जाता गिरणी के पास. गिरणी के आवाज में सोती वो. दो-दो घंटे खडा रहता कंधे पे लेको. तू उठने के टैम पे लाको बाजू में सुलाता. मेरेकू बोला, उसकू बोलना नको, नै तो सोयेगी नै.”

कोपऱ्यावरची पिठाची गिरणी. दुपारपर्यंत चालते. इफ्राच्या जावळात कधीकधी पांढरं काहीतरी असायचं. मला वाटायचं, अम्मीनं पावडर जास्त लावली. एकदा मी ते फुंकरलं होतं आणि पिठासारखा वास आला होता, आणि मी म्हटलं होतं, बाळांच्या डोक्याला असाच वास असतो. मी कागदाकडं बघत बसले. दोरी बांधलेला माझा अंगठा हलायचा थांबला होता आणि पाळणा आपोआप लहान लहान होत थांबत होता. इतके महिने रोज सकाळी मी जी झोपले ती माझी झोप नव्हती. कुणीतरी आपल्या ताटातलं काढून माझ्या ताटात वाढत होतं आणि मी पोट भरलं म्हणून सगळ्यांना सांगत होते. आणि त्याच्या ताटात ह्या दारात बसलेल्या माणसानं आपलं वाढलं. माझ्या छातीत दूध उतरलं, उगाच, इफ्रा झोपलेली असताना. ब्लाउज ओला झाला. मी पदर ओढला.

“लिवा की,” बिरप्पा म्हणाला. “लई तर काय, मंद्रूपला जाऊन मेंढरं राखीन. मेंढरं फोटू काढत न्हाईत.”

“चहा घ्या,” मी म्हटलं. “आणि घरी जाऊन झोपा.”

तो गेल्यावर मी एका दमात लिहिलं. नंतर सरफराज उठला, पंचा खांद्यावर टाकून माझ्यासमोर बसला, आणि मी त्याला वाचून दाखवलं. मी कामावर झोपलो होतो. माग बेवारस नव्हते; चारही माग चालू होते आणि त्या रात्रीचा एकही टॉवेल खराब निघालेला नाही, तपासून घ्यावा. माणसामागं मागांची संख्या दुप्पट झाली आणि बदलीचा माणूस काढला, तेव्हापासून आम्हाला रात्र पुरत नाही. माझं मूल लहान आहे, त्यामुळं दिवसाही झोप होत नाही. याशिवाय मला कुणाबद्दलही काही लिहायचं नाही.

तो ऐकत होता. मला वाटलं, शेवटच्या ओळीवर अडेल, म्हणेल, अशी तोडून बोलू नको, जरा नरम लिही. तो म्हणाला, “मुलाचं तेवढं खोड.”

“का?”

“त्याला आपल्या घरातलं कायकू सांगायचं?”

मी ती ओळ खोडली. गिरणीचं मला कळलंय हे मी सांगितलं नाही. त्याच्या मोकळ्या खांद्यावर, जिथं इफ्राचं डोकं येतं तिथं, मी नुसता हात ठेवला. तो म्हणाला, “काय?” मी म्हटलं, “काही नाही, भुरका आहे.”

तो गेला आणि मला वाटलं होतं त्याच्या किती तरी आधी परत आला. गेटच्या आत त्याला घेतलंच नाही. साहेब बाहेर आला, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून वाचला, उलटून मागची बाजूसुद्धा बघितली. “नाव कुठाय?” “नाव न्हाई साहेब.” “मग नाव घेऊन येशील त्या दिवशी ये.” सरफराज हे साहेबाच्या आवाजात सांगत होता, नक्कल करून, अम्मीला हसवायला. अम्मी हसली नाही. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, विड्यांच्या तंबाखूचा हात, आणि त्याला शिंका आल्या. मग मी इफ्राला उचललं, खांद्यावर घेतलं आणि त्याला म्हटलं, “आता झोपा.” तो म्हणाला, “आता? संध्याकाळ झाली.” “झोपा,” मी म्हटलं. त्यानं माझ्याकडं एकदा नीट बघितलं. त्याला कळलं असावं की मला कळलंय. तो फरशीवरच आडवा झाला, पंचा न घेता, आणि थोड्याच वेळात त्याचं तोंड किंचित उघडलं.

मी दार लोटून बाहेर पायरीवर बसले. ऊन उतरलं होतं पण दगड तापलेलाच होता. उद्याचं काय, हे मी एखाद्या दुखऱ्या दातासारखं जिभेनं चाचपत होते. नई जिंदगी हे आमच्या वस्तीचं नाव. कुणी ठेवलं कोण जाणे, मला ते त्या संध्याकाळी पहिल्यांदाच मोठ्यानं वाचल्यासारखं वाटलं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बिरप्पा दिसला, आंघोळ केलेला, भांग पाडलेला, हातात डबा. त्याच्यामागं त्यांच्याच शेडमधला ईरप्पा, आणि रात्रपाळीचे आणखी काही जण, सगळ्यांच्या हातांत डबे. पाळीची वेळ होत आली होती. कंपनीची गाडी आमच्याच कोपऱ्यावरून त्यांना घेते.

“काय म्हणला साहेब?” बिरप्पानं विचारलं. मी सांगितलं.

“सरफराज कुठाय?”

“झोपलेत. उठवू?”

“नको नको,” ईरप्पा म्हणाला. तो अक्कलकोटकडचा, बोलताना निम्मं कानडी गिळतो. “झोपू द्या. आम्ही काही भाषण ठोकायला आलो नाही.”

ते बसले. पायरीवर, शेजारच्या ओट्यावर, एक जण अम्मीच्या पाटावर. डबे पायांशी ठेवले. ईरप्पानं इफ्राला चुटकी वाजवून दाखवली, तिनं त्याच्या मिशीकडं संशयानं बघितलं. एकानं विचारलं, आपण न गेलो तर उद्या आपलाबी फोटो लावतील का, आणि बिरप्पा म्हणाला, “तुझा लावला तर लोक ग्रुप सोडून जातील,” आणि सगळे दबक्या आवाजात हसले, खांदे हलवत, आतल्या माणसाची झोप सांभाळत. मला त्यांना सांगायचं होतं की जा, तुमच्याही घरी चुली आहेत, एकाचं गेलं तेवढं पुरे. तोंडात आलं होतं. पण ते असे बसले होते, गुडघे पोटाशी घेऊन, उद्या काय होईल याची त्यांना माझ्याइतकीच भीती होती हे त्यांच्या हातांवरून दिसत होतं; डब्याच्या कड्या उघडत होते आणि लावत होते. मी इफ्राला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

कोपऱ्यावर गाडी आली. हॉर्न वाजला. कुणी उठलं नाही. पुन्हा वाजला, लांब. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला. “चला की रे! काय बारशाला बसलाय काय?”

“आज न्हाई,” बिरप्पा म्हणाला. हात वर करून, शांतपणे, त्याच्या एरवीच्या आवाजाच्या चौथाईत.

“कोण कोण न्हाई?”

“बसलेत तेवढे.”

ड्रायव्हर आमच्याकडं बघत राहिला. मग त्यानं फोन काढला, कानाला लावला, काय वाटलं कोण जाणे, खाली ठेवला, आणि रिकामी गाडी वळवून घेऊन गेला. धूळ खाली बसली. अम्मी उठली. नाव लिहायला सकाळपासून तिनं नाही म्हटलं नव्हतं, हो म्हटलं नव्हतं. ती आत गेली आणि मोठं पातेलं काढल्याचा आवाज आला, जे ईदलाच निघतं, आणि लगेच ते जपून खाली टेकवल्याचा. “शबाना, कितने लोगां?” ती आतून कुजबुजली.

मी उठले. वारा सुटला होता, दार हलत होतं. आत त्याचा श्वास चालला होता, एकसारखा, खोल, आणि मला फार वाटलं की जाऊन त्याला हलवावं, म्हणावं, उठा, बघा बाहेर कोण बसलंय. इफ्रा माझ्या खांद्यावर जड झाली होती. दाराची साखळी वाऱ्यानं लाकडावर आपटायला लागली, तेव्हा मी तिच्या कडीत बोट घातलं आणि ती हलू नये म्हणून तशीच धरून उभी राहिले.